फक्त टेप आणि वजनकाट्यावर पोटाच्या आतली चरबी कळते का? (मांडीचा घेर वजा करणारं सूत्र)

तिफण

चाकण भागातल्या एका कारखान्यात ३०० जणांची तपासणी करायची आहे. वयं २२ ते ५८, त्यात ४० बायका. हाताशी शिंप्याच्या टेपा, डिजिटल वजनकाटा, उंचीपट्टी आणि दहा स्वयंसेवक आहेत. रक्ततपासणीचा खर्च जेमतेम ८० जणांपुरता निघेल. त्यामुळे कुणाच्या पोटात, म्हणजे कातडीखाली नव्हे तर आतड्यांभोवती चरबी साठली आहे, हे आधी साध्या मापांवरून ठरवून मग ते ८० निवडायचे आहेत.

शोधताना हे सूत्र सापडलं. पुरुषांसाठी: ६ × कंबर − ४.४१ × मांडी + १.१९ × वय − २१३.६५. बायकांसाठी: २.१५ × कंबर − ३.६३ × मांडी + १.४६ × वय + ६.२२ × बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) − ९२.७१३. कंबर आणि मांडी सेंटिमीटरमध्ये, उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये.

माझ्या शंका अशा. मांडीचा घेर वजा का होतो? चरबीचं उत्तर किलोत न येता चौरस सेंटिमीटरमध्ये कसं? कंबर नक्की कुठे मोजायची, बेंबीवर की जिथे बारीक आहे तिथे? आणि हे सूत्र आपल्या लोकांना लागू होतं का?

खडूफळा

सूत्राचं दुसरे सांगतील. आधी टेप, कारण गोंधळ तिथेच होतो.

कंबर मोजायच्या जागा निदान चार आहेत: सगळ्यात बारीक भाग, बेंबी, कमरेच्या हाडाची वरची कड, आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांचा मध्य. एकाच माणसाच्या या चार मापांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो. पुरुषांत तो थोडा असतो, बायकांत बराच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत मध्य धरतात, अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत हाडाची वरची कड, जपानमध्ये बेंबी. म्हणून जपानची मर्यादा (पुरुष ८५, बायका ९०) उचलून मध्यावर घेतलेल्या मापाला लावणं चूक आहे. तुम्ही मध्य घ्या आणि सगळ्या ३०० जणांना तोच घ्या.

मध्य असा काढा. माणूस ताठ उभा, पावलं जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, पोटावर कपडा नाही. काखेच्या मधोमध सरळ खाली येणारी रेषा मनात धरा. तिच्यावर बोटांनी दाबत शेवटची बरगडी शोधा आणि बॉलपेननं खूण करा. मग खालून वर दाबत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, तिथे दुसरी खूण. दोन्हींमधलं अंतर टेपनं मोजून अर्ध्यावर तिसरी खूण. हे दोन्ही बाजूंना करायचं. जाड माणसात बरगडी लवकर हाताला लागत नाही. तेव्हा त्याला एका बाजूला किंचित झुकायला सांगा, हाड सापडलं की पुन्हा ताठ करा. अंदाजानं खूण करू नका.

टेप खुणांवरून गुंडाळली की पाठीमागे ती खाली घसरते, हे हमखास होतं. मोजणारा समोर असल्यामुळे त्याला ते दिसत नाही. एकानं मागे उभं राहून टेप जमिनीला समांतर आहे का ते पाहायचंच. तिरकी टेप सहसा जास्त माप दाखवते. मोजणाऱ्यानं स्टुलावर बसावं, म्हणजे आकडा डोळ्यांच्या पातळीवर येतो. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको.

श्वास: 'श्वास सोडा' म्हटलं की लोक जोर लावून सगळी हवा बाहेर काढतात आणि पोट आत जातं. 'पोट आत घेऊ नका' म्हटलं तर मुद्दाम फुगवतात. काहीच सांगू नका. गाव कुठलं, पाळी कुठली, असं विचारत राहा. बोलणं थांबल्यावर साधा श्वास सुटतो, त्याच्या शेवटी आकडा वाचा. माप दोनदा घ्या, दर वेळी टेप पूर्ण काढून. दोन्हींत १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही खोडून पहिल्यापासून.

शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. पोलादी पट्टीशेजारी पूर्ण लांबी पसरून तपासा. १०० सेंमीला अर्धा सेंमी फरक दिसला तर ती टेप बाद. फायबरग्लासची टेप फार महाग नसते, दहा नव्या घ्या. इंचांच्या बाजूवर कागदी चिकटपट्टी लावून टाका, नाहीतर तक्त्यात कुठेतरी ३६ लिहिलेलं सापडतं. 'पँट ३४ ची घालतो' हे कुणाच्याही तोंडचं माप घेऊ नका. पँट पोटाच्या खाली बसते आणि कंपन्यांचे आकडे सैल असतात.

बायकांसाठी स्वतंत्र आडोसा आणि मोजणारी बाईच हवी. परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी मोजायच्या जागेजवळ घट्ट बसलेली असते. नाडी सैल केल्यावर लगेच मोजू नका. वळ पडलेला असतो आणि टेप त्या खाचेत बसून माप कमी येतं. खुणा वळाच्या वर-खाली कुठे येतात ते पाहून, पाच मिनिटं थांबून मोजा.

माप जेवणाआधी, लघवी करून आल्यावर. रात्रपाळीचे कामगार कँटीनमधून थेट येतील, त्यांना वेगळी वेळ द्या.

कलनयंत्र

आता सूत्र. हे २०१३ साली समुदा आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं आहे. चौरस सेंटिमीटर अशासाठी की त्याची तुलना सीटी स्कॅनच्या एका आडव्या कापाशी केलेली आहे. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या पातळीवर एक काप घेतात. उणे १९० ते उणे ३० हाउन्सफील्ड (सीटीवर घनता मोजायचं एकक) एवढी घनता ज्या ठिपक्यांची, ती चरबी धरतात. पोटाच्या स्नायूंच्या भिंतीच्या आत जेवढी येते ती आतली, बाहेरची ती कातडीखालची. कापाचं क्षेत्रफळ मोजलेलं असल्यामुळे एकक चौरस सेंमी. जपानमध्ये बेंबीच्या पातळीवर १०० चौरस सेंमी ही धोक्याची रेषा धरतात. त्यांची कंबरेची ८५ आणि ९० ही मर्यादा त्यावरूनच आली. बायकांची मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त दिसते त्याचं कारणही हेच: बायकांच्या बेंबीभोवती कातडीखालची चरबी जास्त असते, म्हणून आतली १०० होईपर्यंत टेप पुढे गेलेली असते.

मांडी वजा होण्यातच या सूत्राची सगळी युक्ती आहे. कंबरेच्या टेपला आतली आणि बाहेरची चरबी वेगळी कळत नाही, ती दोन्हींची बेरीज सांगते. कातडीखालच्या चरबीचा स्वतंत्र अंदाज मिळाला तर तो वजा करता येईल. ज्याच्या अंगावर कातडीखाली चरबी साठते त्याच्या मांडीवरही ती साठते, आणि मांडीत आतड्यांभोवतीची चरबी असण्याचा प्रश्नच नाही. म्हणून मांडी ही बाहेरच्या चरबीची साक्षीदार. कंबर मोठी आणि मांडी बारीक, तर फुगवटा आतून आलेला असण्याची शक्यता जास्त. बारीक काटक्या पाय आणि पुढे आलेलं टणक पोट, हे चित्र आपल्याकडे रोज दिसतं, सूत्र तेच आकड्यात पकडतं.

उदाहरण. पुरुष, वय ४४, कंबर ९४, मांडी ५४.
६ × ९४ = ५६४
४.४१ × ५४ = २३८.१४
१.१९ × ४४ = ५२.३६
५६४ − २३८.१४ + ५२.३६ − २१३.६५ = १६४.५७, म्हणजे सुमारे १६५ चौरस सेंमी.

बाई, वय ४१, कंबर ८४, मांडी ५५, उंची १५५ सेंमी, वजन ६२ किलो, म्हणजे बीएमआय २५.८.
१८०.६ − १९९.६५ + ५९.८६ + १६०.४८ − ९२.७१ = सुमारे १०९.

मांडीचं माप कुल्ल्याच्या घडीच्या लगेच खाली, उजव्या पायाचं, उभं राहून, पाय थोडे फाकवून, वजन दोन्ही पायांवर. चार बोटं खाली घसरलात तर मांडी निमुळती होत गेल्यामुळे माप कमी येतं आणि उत्तर फुगतं.

आता चुका किती महागात पडतात ते बघा. पुरुषांच्या सूत्रात कंबरेचा १ सेंमी म्हणजे ६ चौरस सेंमी. कंबर २ सेंमी जास्त आणि मांडी २ सेंमी कमी मोजली गेली तर १२ + ८.८२, जवळजवळ २१ चौरस सेंमीची चूक नुसत्या टेपमुळे. वरच्या माणसाची कंबर बेंबीवर ९७ भरली असं धरा. तोच माणूस १६५ वरून १८३ वर जातो, चरबी ग्रॅमभरही न वाढता. खडूफळा यांनी टेपवर एवढं का लिहिलं ते यावरून दिसेल.

दुसरं, सूत्राची मूळ ताकद. पुरुषांत त्याचा आर-वर्ग (सूत्राचं उत्तर सीटीच्या मापाशी किती जुळतं याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) सुमारे ०.८० आणि बायकांत ०.८४ होता. ऐकायला उत्तम. पण ०.८० म्हणजे उरलेला विखुरलेपणा मूळ विखुरलेपणाच्या √०.२, म्हणजे ४५ टक्के. गटातल्या आतल्या चरबीचं प्रमाणविचलन (माणसं सरासरीपासून किती विखुरली आहेत त्याचं माप) ६० चौरस सेंमी धरलं तर एकेका माणसाच्या उत्तरात २७ चा प्रमाणदोष राहतोच, म्हणजे १६५ हा आकडा १४० ते १९० मध्ये कुठेतरी, तेही तीनांतल्या दोघांसाठी. शिवाय तो आर-वर्ग अगदी सडपातळापासून अतिस्थूलापर्यंत सगळे एकत्र घेतलेल्या गटातला आहे. टोकांची माणसं काढली की आर-वर्ग पडतो. तुमच्या कारखान्यातला गट बराचसा एकसारखा असणार, तिथे इतकी पकड मिळणार नाही.

टोकाला सूत्र तुटतंही. २२ वर्षांचा सडपातळ मुलगा, कंबर ६८, मांडी ५२: उत्तर उणे ९ येतं. एक्सेलमध्ये उणे उत्तरं दिसली तर तक्ता बिघडला असं समजू नका, सूत्राची हद्द संपली एवढंच.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक लक्षात घेतात. हे सूत्र एका वेळी वेगवेगळ्या माणसांना शेजारी उभं करून काढलेलं आहे. एकाच माणसाच्या तीन महिन्यांतल्या बदलासाठी ते वापरू नका. कुणी सायकल चालवायला लागला, मांडी स्नायूनं २ सेंमी भरली, तर सूत्र म्हणेल आतली चरबी ९ चौरस सेंमीनं घटली. कुणी उपाशी राहून मांडीचा स्नायू घालवला तर म्हणेल चरबी वाढली. दोन्ही उत्तरं मांडीच्या स्नायूची आहेत, पोटाची नाहीत.

मोरपंखी

'आपल्या लोकांना लागू होतं का' हा प्रश्न वर सुटून गेला, म्हणून लिहिते.

ते सूत्र युरोपीय वंशाच्या गोऱ्या माणसांवर बेतलेलं आहे. दक्षिण आशियाई माणसात अंगातली एकूण चरबी तेवढीच असताना पोटाच्या आतला वाटा गोऱ्या माणसापेक्षा जास्त असतो, हे कॅनडात शेजारी-शेजारी मोजून दाखवलेलं आहे. म्हणून आपल्याकडे या सूत्राचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी यायची भीती जास्त. '१०० च्या खाली आलं, म्हणजे सुटलो' असं कुणालाही सांगू नका.

बीएमआयवर विसंबणंही आपल्याला परवडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच नमुना मांडला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. तो आकडा सगळ्या अंगाचा आहे, फक्त पोटाचा नाही, पण मुद्दा स्पष्ट होतो. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही त्यांच्या गटाला हेच आढळलं: वजन सरासरी २.७ किलो, स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. म्हणजे हा बांधा जन्मापासूनचा आहे.

आतली चरबी वेगळी काढून मोजायची कशाला, तर तिचं रक्त कुठे जातं यासाठी. ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पदर) आणि आतड्यांच्या पडद्यातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. तिथून सुटणारी मेदाम्लं आधी यकृतावर येऊन आदळतात. मांडीवरच्या चरबीचं तसं नाही.

तुमच्या कामासाठी माझं स्पष्ट मत: मांडीचं सूत्र शिबिरात वापरू नका. ३०० माणसांची मांडी उघडी करून कुल्ल्याच्या घडीपाशी टेप लावणं, तेही कारखान्यात, नीट होणार नाही. बायका तर नाहीच म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. पायजम्यावरून मोजलेली मांडी काही कामाची नाही.

त्याऐवजी कंबर भागिले उंची. ०.५ च्या खाली ठीक, ०.५ ते ०.५९ वाढलेला धोका, ०.६ आणि वर जास्त. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेनं २०२२ मध्ये हेच टप्पे घेतले, बीएमआय ३५ च्या खालच्यांसाठी. याचा खरा फायदा बुटक्या माणसांना होतो. आपल्याकडची मर्यादा पुरुष ९०, बायका ८०. उंची १४८ आणि कंबर ७८ असलेली बाई त्या चाळणीतून सुटते. भागून बघा: ०.५३. ती सुटायला नको होती. टेप हाताशी नसेल तर दोरा माणसाच्या उंचीइतका कापा, दुमडून अर्धा करा आणि कंबरेभोवती लावा. टोकं जुळली नाहीत तर पुढची तपासणी.

पस्तिशीच्या पुढच्यांसाठी चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाचा भारतीय मधुमेह जोखीम गुणांक जोडा. त्यात कंबरेला गुण आहेत: पुरुष ९० ते ९९ किंवा बाई ८० ते ८९ असेल तर १०, त्याच्या वर २०. वय ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून ३०. आई किंवा वडील एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बैठं काम आणि व्यायाम नाही, ३०. हालचाल जितकी जास्त तितके गुण कमी. बेरीज ६० किंवा जास्त, तर रक्त तपासायचंच. वर कलनयंत्र यांनी घेतलेला ४४ वर्षांचा माणूस ऑफिसात बसणारा असेल आणि आईला मधुमेह असेल तर २० + १० + ३० + १० = ७०. मांडी मोजायची गरजच पडली नाही.

तरुणांत मात्र हा गुणांक ढिला आहे, वयाचे गुणच मिळत नाहीत. २६ वर्षांचा, कंबर ९२, बैठं काम, आईला मधुमेह: ५० वर अडकतो. पस्तिशीच्या आतल्यांना कंबर-उंचीवरच निवडा.

तिफण

फार उपयोगी. मांडी रद्द, कंबर-उंची आणि गुणांक पक्के.

तीन गोष्टी उरल्या. काहींचं पोट खाली लोंबतं, बेंबीही खाली गेलेली असते, तिथे मध्य धरला तरी टेप कुठून जायची? दुसरं, व्यवस्थापनानं 'व्हिसेरल फॅट' (हीच आतली चरबी) दाखवणारा पायाखालचा काटा आणून ठेवलाय आणि तो वापराच म्हणतात. तिसरं, ज्यांची कंबर ०.५ च्या आसपास घुटमळते, तिथे आतली-बाहेरची चरबी वेगळी करायला टेपशिवाय आणखी काही साधन आहे का?

खडूफळा

लोंबणाऱ्या पोटाला खुणा हाडांवरच्याच, बेंबीकडे बघायचंच नाही. टेप दोन्ही बाजूंच्या खुणांतून आडवी जाते, समोर पोटाची घडी आली तर घडीवरून जाते, घडीखालून नाही. पोट हातानं उचलून धरायचं नाही. घडीखालून टेप घातली की पॅन्टच्या पट्ट्याची जागा मोजली जाते आणि आकडा पाच-सहा सेंमीनं फसवा येतो.

गर्भारपणात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत, मोठा हर्निया, मोठी गाठ किंवा पोटात पाणी असलेल्यांचं माप तक्त्यात घेऊ नका. रकाना रिकामा ठेवून कारण लिहा, शून्य लिहू नका.

रंधा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे: पोटाची उभी जाडी. माणूस पाठीवर निजवून जमिनीपासून पोटाच्या माथ्यापर्यंतची उंची. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात सीटीशी ताडून पाहिलेलं माप आहे हे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीतही २०११ पासून काही वर्षं घेतलं गेलं.

तत्त्व अगदी साधं. निजलं की कातडीखालची चरबी दोन्ही कुशींना ओघळते. आतली चरबी स्नायूंच्या भिंतीत कोंडलेली, ती ओघळत नाही, पोट वरच धरून ठेवते. उभं असताना सारख्याच कंबरेचे दोन पुरुष निजवून बघा: एकाचं पोट परातीसारखं पसरतं, दुसऱ्याचं घुमटासारखं उभं राहतं. तो दुसरा बघायचा.

यासाठी सरकत्या दांड्याचा मोठा कॅलिपर मिळतो, पण सुताराच्या सामानातही काम होतं. लागतं एवढं: १८ मिमी प्लायची सपाट फळी (गादी, सतरंजी काही नको, त्यात माणूस रुततो), ३० सेंमीची पोलादी पट्टी, ती उभी धरायला काटकोनी गुण्या आणि ४० सेंमीची पाणपातळी.

माणूस फळीवर उताणा, गुडघे काटकोनात वाकवून पाय फळीवर टेकवलेले, हात छातीवर. गुडघे वाकवायचे कारण कंबरेची कमान सपाट होऊन फळीला टेकते. पाय सरळ ठेवले तर कंबरेखाली पोकळी राहते आणि ती मापात येते. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीवर दोन्ही बाजूंना खूण करून पोटावर आडवी रेघ मारा. पाणपातळी त्या रेघेवर आडवी ठेवा, नुसती टेकेल एवढीच. तिचं वजन पोटावर पडता कामा नये, दोन्ही टोकं मोजणाऱ्याच्या हातात हवीत. बुडबुडा मध्ये आला की साध्या श्वासाच्या शेवटी बाजूच्या उभ्या पट्टीवर पाणपातळीची खालची कड वाचा.

पट्टीचा शून्य कुठे आहे ते आधी बघून घ्या. शाळकरी प्लास्टिकच्या पट्टीत शून्याआधी अर्धा सेंमी कोरी जागा असते, ती उभी केली की प्रत्येक माणसाची जाडी अर्ध्या सेंमीनं कमी भरते. पोलादी पट्टीचा शून्य सहसा थेट टोकाला असतो.

एकाला तीन-चार मिनिटं जातात, ३०० ना जमणार नाही. घुटमळणारे ५० असतील तर त्यांना करा. मिळालेले आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा आणि रक्ततपासणीच्या उरलेल्या जागा वरून भरा. पुरुष आणि बायकांची उतरंड वेगळी लावा. सारख्या जाडीला पुरुषात आतली चरबी जास्त असते.

कलनयंत्र

पायाखालच्या काट्याबद्दल. त्याचा वीजप्रवाह एका तळपायातून चढून ओटीपोटातून दुसऱ्या पायानं उतरतो. वरच्या पोटातून फारसा जातच नाही. पडद्यावरचा 'व्हिसेरल' आकडा मुख्यतः तुम्ही भरलेलं वय, लिंग, उंची आणि वजन यांवरून बनतो. व्यवस्थापनाला पटवायचं असेल तर तिथेच प्रयोग करून दाखवा: एका माणसाला उभं करा, आकडा लिहा. मग त्याचंच वय २० वर्षांनी वाढवून पुन्हा उभं करा. पोट तेच, आकडा बदलला, तर तो पोटाचा नव्हे.

असे काटे बहुधा १ ते ९ ठीक, १० ते १४ जास्त, १५ पासून पुढे खूप जास्त असे टप्पे देतात. वजन बघायला काटा जरूर वापरा, तो रकाना मात्र तक्त्यात घेऊ नका. एकदा छापला की लोक कंबरेपेक्षा त्यालाच धरून बसतात.

मोरपंखी

८० जणांचं रक्त घेणारच आहात तर उपाशीपोटी घ्या आणि साखरेबरोबर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) करा. कंबर आणि ट्रायग्लिसराइड एकत्र वाचले की आतल्या चरबीचा संशय खूप पक्का होतो. कॅनडातल्या क्वेबेकच्या गटानं पुरुषांत कंबर ९० आणि ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला १७७ मिग्रॅ, बायकांत ८५ आणि १३३, असे दोन्ही एकाच वेळी ओलांडणारे वेगळे काढले.

आकड्यात हवं असेल तर (कंबर − ६५) × ट्रायग्लिसराइड, बायकांत ६५ ऐवजी ५८. यात ट्रायग्लिसराइड दर लिटरला मिलिमोलमध्ये लागतं. आपल्या लॅबचा अहवाल मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला ८८.५७ नं भागा. कंबर ९४, ट्रायग्लिसराइड १९०: १९० ÷ ८८.५७ = २.१५, आणि २९ × २.१५ = ६२. भागायला विसरलात तर साडेपाच हजार येईल, चूक लगेच दिसते. यावरून निदान करायचं नाही. डॉक्टरांकडे आधी कुणाला पाठवायचं, एवढ्यासाठी रांग लावा.

आणि कुणाच्याही कागदावर 'तुमची आतली चरबी इतके चौरस सेंमी' असं छापू नका. कंबर, उंची, भागाकार आणि पुढची तारीख, एवढंच द्या.

खडूफळा

शेवटचं, स्वयंसेवकांचं. शिबिराच्या दोन दिवस आधी पाच माणसं उभी करा: दोन जाड, दोन मध्यम, एक सडपातळ. दहाही जणांनी त्या पाचांची कंबर दोनदा मोजायची, एकमेकांचे आकडे न बघता, आणि प्रत्येकानंतर खुणा स्पिरिटनं पुसून. ज्याचे स्वतःचेच दोन आकडे १ सेंमीपेक्षा जास्त हलतात त्याचा हात अजून बसलेला नाही. ज्याचे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात पण बाकी सगळ्यांपेक्षा २ सेंमी जास्त येतात, तो बहुतेक खालची खूण चुकीच्या हाडावर करतोय. त्याला पुन्हा हाड शोधून दाखवा. तरी जमलं नाही तर त्याला उंचीपट्टीवर बसवा. कंबरेला चार पक्के हात पुरेत. तक्त्यात मोजणाऱ्याच्या नावाचा रकाना ठेवा, म्हणजे नंतर एखाद्याचे सगळे आकडे एका बाजूला झुकलेले दिसले तर ती माणसं पुन्हा बोलावता येतील.